शुद्धीस्थानातील आत्म्यांसाठी प्रार्थना: माझ्या प्रोटेस्टंट वडिलांचे नाव त्या यादीत लिहावे का?

नगरची_लेक (१ नोव्हेंबर)

नमस्कार. माझे माहेर नगर जिल्ह्यातले, तीन पिढ्यांचे प्रोटेस्टंट ख्रिस्ती, आणि सासर वसईचे, कॅथलिक. लग्नाला नऊ वर्षे झाली. दरवर्षी ऑक्टोबर सरत आला की चर्चमधून एक पाकीट घरी येते. त्यावर घरातल्या मृतांची नावे लिहायची आणि ते वेदीपाशी ठेवायला द्यायचे, म्हणजे नोव्हेंबरभर त्या सर्वांसाठी मिस्सेत, म्हणजे वेदीवरच्या मुख्य उपासनेत, प्रार्थना होते. कॅथलिक शिकवणीप्रमाणे मृताचा आत्मा स्वर्गात जाण्याआधी शुद्धीस्थानात शुद्ध होतो, त्यासाठी ही प्रार्थना. सासूबाई हे काम कधी कोणाला करू देत नाहीत. यंदा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे त्यांना लिहिता येईना, म्हणून त्यांनी मला बसवले आणि समोर ठेवायला गेल्या वर्षीची कच्ची यादी दिली. त्या यादीत शेवटून दुसरे नाव माझ्या वडिलांचे होते.

वडील एप्रिल २०२१ मध्ये गेले. त्या दिवसांत आम्हांला दफनालाही जाता आले नाही. सासूबाईंनी त्यांचे नाव कधीपासून लिहायला सुरुवात केली हे मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

आमच्या मंडळीत मृतांसाठी प्रार्थना करीत नाहीत. गेलेल्या माणसाच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानतात आणि मागे राहिलेल्यांसाठी सांत्वन मागतात. मी आईला फोनवर हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "तुझे बाबा प्रभूजवळ आहेत. त्यांना शुद्धीस्थानात कोणी पाठवले?" या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. कॅथलिक नसलेल्या माणसासाठी मिस्सा अर्पण करणे चर्चच्या नियमांत बसते का, आणि या प्रार्थनेचा खरा अर्थ काय, हे जाणकारांनी सांगावे. पाकीट अजून टेबलावर आहे.

पापडीकर (१ नोव्हेंबर)

नियमापुरते उत्तर अगदी सरळ आहे. १९८३ च्या कॅनन कायद्यातील, म्हणजे कॅथलिक चर्चच्या नियमसंहितेतील, ९०१ व्या कलमानुसार धर्मगुरूला जिवंत किंवा मृत अशा कोणाही व्यक्तीसाठी मिस्सा अर्पण करता येते. त्यात कॅथलिक असण्याची अट नाही, बाप्तिस्म्याचीही नाही. वडिलांचे नाव निःशंकपणे लिहा.

वचनवाचक (१ नोव्हेंबर)

ताई, मी तुमच्या आईच्या बाजूचा आहे आणि हे आदरपूर्वक लिहीत आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (९:२७) माणसाला एकदाच मरणे आणि त्यानंतर न्याय नेमून ठेवला आहे, असे म्हटले आहे. या दोहोंच्या मध्ये तिसऱ्या कशाचा उल्लेख नाही. शेजारच्या क्रुसावर खिळलेल्या चोराला प्रभूने त्याच दिवशी सुखलोक देऊ केला, आणि त्या माणसाला आयुष्यात काहीच सुधारता आले नव्हते. ख्रिस्ताचे क्रुसावरचे अर्पण पुरेसे आहे असे मानायचे, तर त्यात आपल्या प्रार्थनेची भर घालण्याची गरज उरत नाही. शिवाय या शिकवणुकीतून काय निपजले हेही विसरता येत नाही. मृतांच्या नावाने दंडमाफी, म्हणजे पापाच्या उरलेल्या शिक्षेतून चर्चने दिलेली सूट, देण्याची सुरुवात पोप सिक्स्टस चौथे यांनी १४७६ मध्ये केली, आणि चाळीस वर्षांत ती योहान टेट्झेल या दंडमाफी विकणाऱ्या धर्मोपदेशकाच्या हाती जाऊन रोममधल्या संत पेत्राच्या महामंदिरासाठी पैसा गोळा करण्याचे साधन झाली. १५१७ मध्ये, प्रोटेस्टंट चळवळ जिच्यापासून सुरू झाली त्या वादात, मार्टिन ल्यूथरने उचललेला प्रश्न हाच होता.

तुमच्या आईचा विश्वास कोरडा नाही. वडील सुखरूप आहेत असे ठामपणे म्हणणे हीदेखील प्रीतीच आहे.

जुनी_पाने (१ नोव्हेंबर)

वचनवाचक यांचा शेवटचा परिच्छेद मला मनापासून पटला. टेट्झेलबद्दलही त्यांचे म्हणणे खरे आहे. मात्र मृतांसाठी प्रार्थना करणे आणि शुद्धीस्थानाची शिकवण या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात, कारण पहिली दुसरीपेक्षा पुष्कळ जुनी आहे.

मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या १२ व्या अध्यायात लढाईत पडलेल्या सैनिकांच्या अंगरख्यांखाली मूर्तिपूजेचे ताईत सापडतात. ते पापात मेले हे उघड असतानाही यहूदा मक्काबी त्यांना टाकून देत नाही. तो सैन्यातून २००० द्राख्मा चांदी जमवून त्यांच्या पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवतो. हा ग्रंथ कॅथलिकांच्या ७३ ग्रंथांच्या बायबलमध्ये आहे आणि प्रोटेस्टंटांच्या ६६ ग्रंथांत नाही, त्यामुळे वाद इथूनच सुरू होतो हे मान्य. तरी येशूच्या काळाआधीचे यहुदी लोक असे करीत होते, एवढी इतिहासाची साक्ष तर त्यातून मिळतेच. पुढे ३८७ मध्ये ओस्तिया बंदरात संत मोनिका मरणशय्येवर होती, तेव्हा तिने मुलांना सांगितले की हा देह कुठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. संत ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात हे लिहून ठेवले आहे. शुद्धीस्थानाविषयीची अधिकृत व्याख्या मात्र ल्यों (१२७४), फ्लॉरेन्स (१४३९) आणि ट्रेंट (१५६३) या धर्मपरिषदांत टप्प्याटप्प्याने झाली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चने ती व्याख्या कधी स्वीकारली नाही, आणि तरीही मृतांसाठीच्या त्यांच्या प्रार्थना आजतागायत चालू आहेत.

आणखी एक गोष्ट तुमच्या आईंना सांगण्यासारखी आहे. खुद्द ल्यूथरने १५२८ च्या आपल्या विश्वासकबुलीत लिहिले की, हा आत्मा तुझ्या दयेच्या कक्षेत असेल तर त्याच्यावर कृपा कर, अशा आशयाची प्रार्थना एकट्याने, एकदा-दोनदा करण्यात पाप नाही. त्यानंतर १५३१ च्या ल्यूथरपंथी समर्थनपत्रातही, मृतांसाठी प्रार्थना करण्यास आमची मनाई नाही, असे स्पष्ट म्हटले आहे.

वचनवाचक (२ नोव्हेंबर)

ल्यूथरचे ते वाक्य मला माहीत होते, पण मी ते लिहिले नाही. लिहायला हवे होते. तरी 'एकदा-दोनदा' या शब्दांकडे लक्ष वेधतो. दरवर्षी पाकीट भरण्याला त्याने मान्यता दिली नसती.

निर्मळची_नात (२ नोव्हेंबर)

आज, मृतांच्या स्मरणदिनी, सकाळच्या मिस्सेनंतर दफनभूमीत जाऊन आले. सगळ्या थडग्यांवर झेंडूचे हार आणि मेणबत्त्या होत्या आणि फादर रांगेरांगेने तीर्थ शिंपडत होते. नगरची लेक, तुमच्या सासूबाईंची यादी वाचून मला माझी आजी आठवली.

मी १९५३ सालची. आमच्या लहानपणी या दिवसाचा एक नियम होता, जो पोप दहावे पायस यांनी १९१४ मध्ये घालून दिला होता. १ नोव्हेंबरच्या दुपारपासून २ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत जितक्या वेळा चर्चला भेट देऊन ठरलेल्या प्रार्थना म्हणाव्या, तितक्या वेळा एकेका आत्म्यासाठी पूर्ण दंडमाफी मिळे. आजी आम्हां नातवंडांना घेऊन चर्चमध्ये शिरायची. 'हे आमच्या स्वर्गीय पित्या', 'नमो मरिया' आणि गौरवाची प्रार्थना, प्रत्येकी सहा वेळा म्हणून झाली की सगळे बाहेर पडायचो, दाराशी पुढच्याचे नाव ठरायचे आणि पुन्हा आत. पहिली फेरी आजोबांची. मग तिचे आईवडील, मग बाळपणीच गेलेले तिचे दोन मुलगे, मग गल्लीतली माणसे. आठव्या-नवव्या फेरीला आमचे पाय दुखू लागत आणि आम्ही विचारत असू की आता कोण राहिले. ती म्हणायची, "ज्यांचे कोणी नाही ते राहिलेत."

पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये हे नियम बदलले. आता दिवसाला एकच पूर्ण दंडमाफी मिळते, आणि प्रार्थनांवर लिहिलेले तीनशे दिवस, सात वर्षे असे आकडेही गेले. बदल योग्यच होता, कारण माणसे हिशेबात अडकत होती. पण आजीच्या डोक्यात हिशेब नव्हता, तिच्याकडे नुसती नावे होती. तिने आम्हांला कधीही न पाहिलेल्या माणसांची नावे पाठ करायला लावली, म्हणून ती मला आजही येतात.

माणिकपूर_७२ (२ नोव्हेंबर)

निर्मळच्या ताईंना पुरवणी: १ ते ८ नोव्हेंबर या काळात दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, तर त्यांच्यासाठी पूर्ण दंडमाफी आजही मिळते. त्यासाठी पापनिवेदन, ख्रिस्तशरीर-ग्रहण, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ सोडलेले मन आवश्यक असते. २०२० मध्ये साथीमुळे गर्दी टाळावी म्हणून ही मुदत पूर्ण नोव्हेंबरभर वाढवली होती, आणि पुढच्या वर्षीही. ज्यांना दफनालाही जाता आले नव्हते अशा कितीतरी घरांना त्या सवलतीचा केवढा आधार वाटला, ते मी जवळून पाहिले आहे.

गोदाकाठ (२ नोव्हेंबर)

मी हिंदू आहे, नाशिकचा. धागा वाचताना पितृपक्ष आठवत राहिला. मृतांना आपल्याकडून काही हवे असते आणि आपण ते द्यायचे असते, ही कल्पना दोन्हीकडे एकच आहे का?

जुनी_पाने (२ नोव्हेंबर)

साम्य आठवणीत आहे, कल्पनेत तितकेसे नाही. श्राद्धात वंशज पितरांना अन्नोदक देऊन तृप्त करतो, आणि तो अधिकार नात्याने येतो. कॅथलिक प्रार्थना मृतांना काही देत नाही, ती देवाकडे मागते. ती कोणीही कोणासाठीही करू शकतो, त्यामुळे निपुत्रिक माणसाला किंवा अविवाहित धर्मगुरूलाही त्यात काही कमी पडत नाही.

गोदाकाठ (२ नोव्हेंबर)

यात एक दुरुस्ती सुचवतो. तर्पणाच्या शेवटी जे माझे बांधव आहेत, जे नाहीत आणि जे दुसऱ्या जन्मी बांधव होते, त्या सर्वांना पाणी देण्याचा मंत्र आहे. वडील गेल्यावर रामकुंडावर गुरुजींनी त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा मला रडू आले होते. निर्मळच्या आजींचे "ज्यांचे कोणी नाही ते राहिलेत" हे वाक्य वाचून तोच मंत्र आठवला.

जुनी_पाने (२ नोव्हेंबर)

दुरुस्ती मान्य. आभारी आहे.

साष्टीकर (३ नोव्हेंबर)

गोव्यात आमच्या गावात रात्री आठला चर्चची घंटा होई, ती शुद्धीस्थानातील आत्म्यांसाठी. ती ऐकू आली की मोठी माणसे बोलणे अर्ध्यावर सोडून उभी राहत. दुसरी प्रथा लग्नाआधीची, भिकाऱ्यांच्या जेवणाची. घरातल्या मृतांच्या स्मरणार्थ गरिबांना बोलावून पंगतीला बसवायचे आणि घरच्यांनी वाढायचे. शुभकार्याच्या तोंडावर मृतांची आठवण काढणे आमच्याकडे अशुभ मानत नाहीत. त्यांना निमंत्रण दिल्याशिवाय लग्नाला सुरुवातच होत नाही, अशी ती भावना आहे. माझ्या लग्नात आईने त्या पंगतीतल्या एका म्हाताऱ्याला माझ्या आजोबांच्या खुर्चीवर बसवले होते.

मिन्योवासी (३ नोव्हेंबर)

साष्टीकर यांनी लिहिलेल्या गोष्टींचे मूळ मला इथे उत्तर पोर्तुगालमध्ये रोज दिसते. नोकरीसाठी सहा वर्षे इकडे आहे. खेड्यांच्या वाटांवर, चव्हाट्यांवर आणि पुलांजवळ दगडाची छोटी देवळी असते, तिला 'आल्मिन्यास' म्हणजे 'लहानगे आत्मे' म्हणतात. आत ज्वाळांमध्ये उभी असलेली, हात वर केलेली माणसे रंगवलेली असतात, आणि खाली बहुधा असे लिहिलेले असते की, वाटेने जाणाऱ्यांनो, इथे यातना सोसणाऱ्या आमची आठवण ठेवा. माणसे क्षणभर थांबतात, एक 'आमच्या पित्या' म्हणतात आणि पुढे जातात. १७४८ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी स्पेन व पोर्तुगाल यांच्या राज्यांतील धर्मगुरूंना २ नोव्हेंबरला तीन मिस्सा अर्पण करण्याची खास परवानगी दिली होती. गोव्याला तिचा लाभ झाला. वसई मात्र १७३९ मध्येच चिमाजी आप्पांनी घेतली होती.

माणिकपूर_७२ (३ नोव्हेंबर)

ती परवानगी पुढे जगभर लागू झाली. पहिल्या महायुद्धातील मृतांची संख्या पाहून पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १० ऑगस्ट १९१५ रोजी सर्व धर्मगुरूंना या दिवशी तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली. त्यांपैकी एक धर्मगुरूच्या इच्छेनुसार कोणासाठीही, दुसरी सर्व मृतांसाठी आणि तिसरी पोपच्या हेतूंसाठी असते, आणि देणगी फक्त एकीचीच घेता येते.

खाडीपलीकडचा (३ नोव्हेंबर)

देणगीचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण हे बरीच वर्षे मनात साचले आहे. माझे वडील गेल्यावर आईला वाटले की त्यांच्यासाठी सलग ३० ग्रेगोरियन मिस्सा व्हाव्यात. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी युस्तुस नावाच्या संन्याशासाठी सलग ३० दिवस मिस्सा अर्पण करविल्या, तिथून ही परंपरा आली. ज्या चर्चच्या कार्यालयात आम्ही गेलो, तिथल्या लिपिकाने आमच्याकडे न पाहताच रक्कम सांगितली. ती आमच्या आवाक्याबाहेरची होती. आई परत येताना रस्ताभर एवढेच म्हणत राहिली की, तुझे वडील गरीब होते म्हणून त्यांना थांबावे लागणार. श्रद्धा असलेल्या बाईच्या मनात अशी भीती पेरली गेली, हा अन्याय मी विसरू शकत नाही. वचनवाचक यांनी टेट्झेलचे नाव घेतले तेव्हा मला तो टेबलामागचा माणूस दिसला.

पापडीकर (३ नोव्हेंबर)

आपल्या आईंना तेव्हा कोणी हे सांगितले असते तर बरे झाले असते, की कॅनन कायद्याच्या ९४५ व्या कलमात धर्मगुरूंना गरिबांसाठी देणगीविनाही मिस्सा अर्पण करण्याची कळकळीची शिफारस आहे, आणि ९४७ व्या कलमात व्यापाराचा आभासही टाळावा असे बजावले आहे. ट्रेंटच्या परिषदेनेही १५६३ च्या ठरावात शुद्धीस्थानाच्या नावाने चालणारी अंधश्रद्धा आणि धनलोभ बंद करण्याचा आदेश बिशपांना दिला होता. नियम आहेत. ते त्या टेबलापर्यंत पोहोचले नाहीत, हा दोष आमचाच आहे. आपली आई हयात असतील तर त्यांना सांगा की देणगी हा धर्मगुरूच्या निर्वाहाला हातभार आहे, ती मिस्सेची किंमत नव्हे, आणि कोणाचाही आत्मा पैशांवाचून अडून राहत नाही.

खाडीपलीकडचा (३ नोव्हेंबर)

हयात आहे. आज संध्याकाळी तिला वाचून दाखवतो.

दीपवेल (४ नोव्हेंबर)

मी धर्मशिक्षणाचे वर्ग घेते. धागा पुष्कळ पुढे गेला, पण नगरची लेक यांच्या आईंचा प्रश्न तसाच राहिला आहे, तो म्हणजे त्यांना शुद्धीस्थानात कोणी पाठवले. त्याला उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

हा प्रश्न आपण कैदखान्याच्या चित्रामुळे विचारतो. ज्वाळा, साखळ्या आणि वर्षांची शिक्षा डोळ्यांसमोर असली की तिथे कोणीतरी 'पाठवणारा' लागतोच. परंतु पोप दुसरे जॉन पॉल यांनी ४ ऑगस्ट १९९९ च्या प्रबोधनात स्पष्ट केले की शुद्धीस्थान म्हणजे एखादी जागा नसून ती आत्म्याची अवस्था आहे. जेनोवाच्या संत कॅथरीन (१४४७ ते १५१०) यांनी तर त्याहून धीट गोष्ट सांगितली. त्यांच्या शिकवणीप्रमाणे आत्म्यावर पापाचा गंज चढलेला असतो. गंज जसजसा झडतो तसतसा सूर्यप्रकाश आत शिरतो, आणि स्वर्गातल्या आनंदाखालोखाल आनंद कुठे असेल तर तो शुद्धीस्थानातील आत्म्यांचा. आत्मा आपल्यातली उणीव पाहून आपणहून तिथे झेपावतो, असे त्या म्हणतात. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ च्या आशेवरील परिपत्रकात पौलाच्या 'अग्नीतून तारला जाईल' (१ करिंथ ३:१५) या शब्दांचा विचार करताना असे मत मांडले की तो अग्नी म्हणजे स्वतः ख्रिस्त असावा. त्याच्या दृष्टीला दृष्टी भिडताच आपल्यातले खोटे ते जळून जाते, आणि ते दुखते, पण तेच तारण असते.

या दृष्टीने पाहिले तर "तुझे बाबा प्रभूजवळ आहेत" या आईंच्या वाक्याला कॅथलिक शिकवणीचा विरोध नाही. ते प्रभूजवळ आहेत, आणि म्हणूनच शुद्ध होत आहेत किंवा होऊन चुकले आहेत. यांपैकी काय ते आपल्याला कळत नाही, म्हणून आपण प्रार्थना करतो. त्यांना गरज उरली नसेल तर देव ती प्रार्थना वाया जाऊ देत नाही. वचनवाचक यांचा आक्षेप ख्रिस्ताच्या अर्पणाच्या पुरेपणाचा होता. तो पुरेपणा कॅथलिकही मानतात. मिस्सा हे दुसरे अर्पण नव्हे, त्याच एका अर्पणात नाव घेऊन कोणाला तरी सोबत आणणे आहे.

वचनवाचक (४ नोव्हेंबर)

दीपवेल, आपण माझ्या आक्षेपाला थेट उत्तर दिलेत. मी सहमत झालो नाही, कारण शास्त्रात स्पष्ट आधार असल्याशिवाय मी एवढे पाऊल टाकू शकत नाही. पण शिक्षा सुनावणाऱ्या देवाचे जे चित्र मी आपल्या लोकांच्या माथी मारत होतो, ते यापुढे मारणार नाही.

नगरची लेक, तुम्हांला एक सुचवतो. १३० वे स्तोत्र दोन्ही घरांच्या बायबलमध्ये आहे. कॅथलिक ते मृतांसाठी शतकानुशतके म्हणत आले आहेत, आणि ल्यूथरने त्यावरून स्वतः भजन रचले. तुमच्या आईंना ते म्हणायला अडचण वाटू नये.

निर्मळची_नात (४ नोव्हेंबर)

पाकिटाचे काय केलेत, बाळ?

नगरची_लेक (६ नोव्हेंबर)

सर्वांची मी ऋणी आहे. पाकीट परवा दिले. वडिलांचे नाव मी स्वतः लिहिले, आणि निर्मळच्या आजींची आठवण ठेवून सर्वांत खाली, ज्यांचे कोणी नाही ते, असेही लिहिले. सासूबाईंना वाचून दाखवले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की बाबांच्या नावापुढे गावाचे नाव लिहिलेस ना.

आईचे मत बदललेले नाही. दीपवेल यांचे उत्तर तिला वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली की हे छान लिहिले आहे, पण मी माझ्या पद्धतीने आभारच मानीन. १३० व्या स्तोत्राला मात्र ती लगेच हो म्हणाली. काल रात्री फोन टेबलावर ठेवून आम्ही तिघींनी ते म्हटले. आईला ते जुन्या भाषांतरातले पाठ होते, सासूबाईंना मिस्सेतले, आणि मी समोर उघडलेल्या पानावरून वाचत होते. शब्द जुळत नव्हते, त्यामुळे कोणी पुढे जात होती, कोणी मागे राहत होती. पहारेकरी पहाटेची वाट पाहतात ती ओळ त्या स्तोत्रात लागोपाठ दोनदा येते. मी चुकून एकदाच म्हणून पुढे गेले, आणि नगरहून व वसईहून दोघींनी एकदमच मला थांबवले.